फाइल डोळ्यानं दिसते, पायथनला दिसत नाही

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर काम करणाऱ्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: काट्याच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. कापसाची गाडी भरून आली की पहिलं वजन होतं आणि टोकन नंबरच्या नावाची एक फाइल त्या कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडते. गाडी रिकामी होऊन पुन्हा काट्यावर चढली की ते वजन चिठ्ठीवर ऑफिसात येतं. तिथे टोकन नंबर टाकला की या मुलानं लिहिलेला पायथनचा प्रोग्राम त्या नावाची फाइल शोधतो. सापडली तर रिकामं वजन तिच्यात भरतो, नाही सापडली तर नवी गाडी समजून नवी फाइल काढतो. दिवाळीनंतर आवक वाढली आणि घोळ सुरू झाला. काही गाड्यांच्या दोन-दोन नोंदी, तर एका ट्रॉलीचं भरलेलं वजन साफ पुसलेलं. त्याचे शब्द असे: "दादा, फाइल मले डोळ्यानं दिसून राहिली, पण पायथन म्हणते नाही. एक्झिस्ट्स वापरू, का इज-फाइल वापरू, का पाथलिब? यातलं खरं कोन सांगते?"

एक्झिस्ट्स, इज-फाइल आणि पाथलिब हे पायथन भाषेत 'फाइल आहे का' असं विचारायचे तीन मार्ग. भाऊ, तिघंही खरंच सांगतात, फक्त तू विचारलेल्या प्रश्नाचं नाही.

ओएस मॉड्यूलमधलं पाथ-डॉट-एक्झिस्ट्स घे. ते आतून ऑपरेटिंग सिस्टमला 'स्टॅट' मागतं, म्हणजे या नावाच्या वस्तूची माहिती दे असं सांगतं. माहिती मिळाली तर 'हो'. नाही मिळाली तर 'नाही', मग कारण काहीही असो. फाइल खरंच नसेल तरी 'नाही', फोल्डरमध्ये डोकावायची परवानगी नसेल तरी 'नाही', शॉर्टकटसारखी सिम्बॉलिक लिंक आहे पण ती जिकडे बोट दाखवते तिथे काही उरलेलं नसेल तरी 'नाही'. त्या 'नाही'चा अर्थ 'मला दिसली नाही' एवढाच घ्यायचा. तुझा प्रोग्राम त्याचा अर्थ 'ही गाडी आजवर आलीच नाही' असा घेतो. सगळी गडबड या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

इज-फाइलचं काम थोडं वेगळं. एक्झिस्ट्स फोल्डरलाही 'हो' म्हणतं, इज-फाइल फक्त फाइललाच म्हणतं. टोकनच्या नावाचं चुकून फोल्डर तयार झालं असेल तर तेवढ्यापुरता फरक पडेल. पाथलिब पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. लिहायला सुटसुटीत आहे, मीही नव्या कामात तेच वापरतो. पण त्यातले दोन खड्डे माहीत असू दे. एक: रिकामं नाव दिलं तर पाथलिब त्याला 'आहे तेच फोल्डर' समजतं आणि एक्झिस्ट्सला 'हो' म्हणतं. जुनं ओएसवालं मात्र रिकाम्या नावाला 'नाही' म्हणतं. टोकनची चौकट कोरी राहिली आणि तेच कोरं नाव पाथला गेलं, तर एकाच प्रश्नाला दोन उत्तरं मिळतील. दुसरा: परवानगी नसली की पाथलिबचं एक्झिस्ट्स आजवर पर्मिशन-एररची बोंब मारत असे. ३.१४ पासून तेही मुकाट 'नाही' म्हणायला लागलं. मला हा बदल फारसा आवडलेला नाही. बोंब मारणारा गडी गुपचूप बसणाऱ्यापेक्षा बरा.

हे फक्त पायथनचं दुखणं आहे असं समजू नको. जावामध्ये फाइल्सच्या वर्गात 'एक्झिस्ट्स' आहे आणि वेगळं 'नॉट-एक्झिस्ट्स'ही आहे. ठरवताच आलं नाही तर दोन्ही 'नाही' म्हणतात, आणि हे त्यांच्या माहितीपत्रकात लिहून ठेवलंय. पीएचपीत आणखी मजा. फाइल आहे असं एकदा कळलं की ते उत्तर लक्षात ठेवलं जातं. दुसऱ्या कुणी मधेच फाइल उडवली तरी तीच स्क्रिप्ट 'आहे' म्हणत राहू शकते, क्लिअर-स्टॅट-कॅश करेपर्यंत. नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा, तिच्यावाल्यांनी तर जुनं एक्झिस्ट्स बाद ठरवलं आणि आधी तपासून मग उघडण्यापेक्षा सरळ उघडा असा सल्ला दिला. तोच सल्ला मी तुला देणार आहे, पण आधी त्याचं कारण ऐक.

गावाकडे तलाठ्याला भेटायचं असलं की आपण आधी फोन करतो. "साहेब आहेत का?" "आहेत, या." सहा किलोमीटर गाडी हाणत जावं तर कुलूप. फोनवरचा माणूस खोटं बोलला नव्हता, विचारलं तेव्हा साहेब होते. विचारणं आणि पोहोचणं यांच्या मधला जो वेळ असतो, त्यात जग हलतं. प्रोग्राममध्ये तो वेळ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून आपण त्याला शून्य समजतो. हंगामात दिवसाला शेकडो वजनं होतात, तेव्हा एखाद्या दिवशी तो शून्य नसतोच.

मी हे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेच्या काळात शिकलो. २००४ च्या हंगामात एका जिनिंगवर पावतीचा प्रोग्राम माझा होता. नाव सांगत नाही, आणि चूक माझीच होती. दोन खिडक्या, दोन कॉम्प्युटर. प्रत्येक जण फॉक्सप्रोचं 'फाइल' फंक्शन वापरून बघायचा, या नंबरची पावती आहे का? नसली की तयार करायचा. वर मी शहाणपणा करून 'सेट सेफ्टी ऑफ' लिहिलं होतं, म्हणजे जुन्या फाइलवर नवी लिहिताना तो विचारतही नव्हता. एका दुपारी दोन्ही खिडक्यांनी एकाच क्षणी विचारलं, दोघांनाही 'नाही' मिळालं, दोघांनी एकाच नंबरची पावती काढली. एका शेतकऱ्याच्या वजनावर दुसऱ्याचं वजन बसलं. चुकाऱ्याच्या दिवशी दोघं एकच नंबर घेऊन उभे. मापाऱ्यानं आपल्या वहीत पेन्सिलनं आकडे टिपून ठेवले होते म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी मापाऱ्याची वही कधी बंद करू दिली नाही.

आता उपाय. 'आहे का' हे विचारण्याआधी ठरव, उत्तर मिळाल्यावर तुला करायचं काय आहे.

नवीन गाडीची फाइल काढायची असेल तर तपासूच नको. ओपन करताना मोड म्हणून डब्ल्यूच्या जागी एक्स दे. पायथन ३.३ पासून ही सोय आहे. एक्सचा अर्थ असा की नवी काढ, आधीची असेल तर फाइल-एक्झिस्ट्स-एरर दे. तपासणं आणि काढणं या दोन्ही गोष्टी ऑपरेटिंग सिस्टम एका झटक्यात करते, मध्ये कुणाला घुसायला जागा राहत नाही. तुझं जे भरलेलं वजन पुसलं गेलं ते डब्ल्यूमुळे. एक्स्प्लोररमध्ये फाइल दिसत होती, एक्झिस्ट्सनं क्षणभर 'नाही' म्हटलं, पुढच्याच ओळीत डब्ल्यूनं ती उघडली आणि उघडता उघडता आतलं सगळं झाडून टाकलं. एक्स असतं तर प्रोग्राम अडला असता, पण त्या ट्रॉलीचा ५८६० किलोचा आकडा शाबूत राहिला असता.

जुन्या फाइलमध्ये रिकामं वजन भरायचं असेल तर सरळ उघड आणि ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेव, म्हणजे करून बघायचं आणि एरर आला तर तिथेच सांभाळायचा. फाइल-नॉट-फाउंड-एरर आला तर एक वाट, पर्मिशन-एरर आला तर दुसरी, बाकी कुठलाही ओएस-एरर आला तर तिसरी. नुसता 'एक्सेप्ट' लिहून सगळं एका पोत्यात भरू नको, नाहीतर एक्झिस्ट्सनं जो घोळ केला तोच तू हातानं करशील. उडवायची असेल तर पाथलिबच्या अनलिंकला मिसिंग-ओके आहे, ३.८ पासून. नवं फोल्डर तयार करायचं असेल तर मेक-डिर्सला एक्झिस्ट-ओके. या दोन्हीत तपासायची गरज नाही.

मग एक्झिस्ट्स वापरायचंच नाही का? वापर की. प्रोग्राम सुरू होताना सेटिंगची फाइल जागेवर आहे का, नसेल तर माणसाला नीट मराठीत सांगायचं, एवढ्याला ते उत्तम आहे. उत्तर चुकलं तर फक्त एक संदेश चुकेल, कुणाचा चुकारा अडणार नाही.

आता तुझी खरी अडचण: फाइल आहे आणि तरी 'नाही'. तू लिहिलंस की प्रोग्राम सकाळी टास्क शेड्युलरमधून आपोआप सुरू होतो आणि फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं आहे. मला पहिला संशय तिथेच आहे. विंडोजमध्ये जोडलेली ड्राइव्ह ही लॉगिन केलेल्या माणसाच्या त्या बैठकीपुरती असते. तू स्वतः लॉगिन करून एक्स्प्लोररमध्ये बघतोस तेव्हा झेड आहे. शेड्युलर दुसऱ्या बैठकीत प्रोग्राम चालवतो तेव्हा तिथे झेड नावाचं काही नसतंच. म्हणून तुझ्या डोळ्याला दिसतं आणि प्रोग्रामला दिसत नाही. झेड सोडून दे, दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिही. आणि अर्धवट पत्ते, म्हणजे नुसतं 'नोंद' फोल्डर वगैरे, तेही काढ. शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन'ची चौकट कोरी असली तर प्रोग्राम विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्ये उभा राहून तुझं 'नोंद' शोधत बसतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती फार लोकांना माहीत नसते. ड्राइव्हच नसली किंवा काट्याच्या खोलीतली लाईन गेली म्हणून तो कॉम्प्युटरच बंद असला, तरी विंडोजवर पायथन फाइल-नॉट-फाउंड-एररच देतो. म्हणजे ट्राय-एक्सेप्ट लावूनही 'गाडी आली नाही' आणि 'काटाच बंद आहे' यांत फरक कळत नाही. ओपननं आलेल्या एररमध्ये विंडोजचा आकडा नसतो, म्हणून त्याच पत्त्यावर ओएस-डॉट-स्टॅट चालव आणि त्याच्या एररच्या पोटातला विनएरर नावाचा आकडा बघ. २ म्हणजे फोल्डर सापडलं, फाइल नाही. ३ म्हणजे वाटच सापडली नाही. ५३ म्हणजे नेटवर्कवर तो कॉम्प्युटरच सापडला नाही. पण मी आकड्यांवर सगळा भरवसा टाकत नाही. माझी जुनी युक्ती अशी: शेअर केलेल्या फोल्डरमध्ये एक खुणेची फाइल कायम ठेवायची, आत एक शब्द. टोकन सापडलं नाही की आधी ती खुणेची फाइल वाचून बघायची. ती वाचता आली तरच 'नाही'ला 'नाही' मानायचं. नाही आली तर पडद्यावर लाल अक्षरात 'काट्याशी जोडणी नाही' आणि प्रोग्रामनं हात बांधून बसायचं. धुऱ्याचा दगड दिसत नसेल तर आपण भलत्याच वावरात उभे आहोत, असं समजायचं.

पावती छापायला तू दर सेकंदाला 'फाइल आली का' विचारतोस, तिथे उशीर लागतो असंही म्हणालास. ते विंडोजच्या नेटवर्क कॅशमुळे. एकदा 'नाही' मिळालं की ते उत्तर ऑफिसचा कॉम्प्युटर मूळच्या सेटिंगप्रमाणे ५ सेकंद लक्षात ठेवतो, फोल्डरची यादी १० सेकंद. म्हणजे काट्यावर फाइल पडलेली असते आणि इकडे शिळं 'नाही' मिळत राहतं. दर सेकंदाला विचारून काही फायदा नाही. दहा-पंधरा सेकंद धीर धर, तेवढ्यात ट्रॉलीवाला चहा पिऊन येईल.

दुसरा संशय नावांवर. तुझ्या पत्त्यात तूर नावाचं फोल्डर आहे, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. उलट्या तिरक्या रेघेनंतर छोटा टी आला की पायथन त्या जोडीला टॅब समजतो. पत्ता तुटतो, पण एरर येत नाही, कारण टॅब ही त्याच्या दृष्टीनं अगदी योग्य गोष्ट आहे. छोट्या एननं सुरू होणाऱ्या फोल्डरचं तसंच, तिथे नवी ओळ होते. मोठ्या यूवर मात्र तो लगेच अडतो, म्हणून युझर्सच्या फोल्डरवाल्यांना चूक सापडते आणि तूरवाले महिनाभर डोकं खाजवत बसतात. अवतरणचिन्हाआधी आर लाव किंवा सुलटी तिरकी रेघ (/) वापर, विंडोजला दोन्ही रेघा चालतात.

एक्स्प्लोरर ओळखीच्या फाइलींचं शेपूट लपवतो, हेही तपास. तुला 'यादी डॉट सीएसव्ही' दिसतं ते प्रत्यक्षात 'यादी डॉट सीएसव्ही डॉट टीएक्सटी' असू शकतं. नोटपॅडमधून सेव्ह केलेल्या फाइलींत हे बरेचदा होतं.

आणि आता खास आपलं, मराठीतलं. 'शेतकऱ्यांची यादी' या नावाची फाइल तुझ्याकडे आहे. त्यातला ऱ्या तीन तऱ्हांनी लिहिता येतो आणि तिन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. एक: ऱ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि य. दुसरा: साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य. तिसरा: साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक म्हणजे न दिसणारं चिन्ह, आणि मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये ऱला स्वतंत्र कळ आहे, त्यामुळे पहिला येतो. जुन्या फॉन्टवरून युनिकोड करणाऱ्या काही कन्व्हर्टरमधून तिसरा येतो. फाइल एकानं नाव दिलेली आणि प्रोग्राम दुसऱ्यानं टाइप केलेला असला की संपलं. माणसाला एकच नाव, मशीनला दोन. वऱ्हाडातल्या माणसानं यात अडकायचं म्हणजे गंमतच, आपल्या मुलखाच्या नावातच तो ऱ बसलाय.

पहिले दोन प्रकार एक करायला युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ पुरतं, एनएफसी नावाचा प्रकार वापर. तिसरा त्यानं सुटत नाही, शून्य रुंदीचा जोडक तसाच राहतो. तिथे हातानं बदल करावा लागतो: र, हलन्त, जोडक अशी तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त. आणि हे फक्त तुझ्या बाजूच्या नावावर करून भागणार नाही. फोल्डरमधली यादी काढ, प्रत्येक नाव असंच धुऊन घे, मग तुलना कर. मी तर आता सांगतो की फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेव, मराठी आत लिही. मराठीवर माझं प्रेम कमी नाही, पण हंगामात रात्री अकराला जोडक शोधत बसायची हौसही नाही.

आकड्यांचंही बघ. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि टोकन देवनागरी ४५ असं टाइप झालं, तर पायथनचं इंट त्याचा बरोबर पंचेचाळीस करतं, म्हणून तुला वाटतं सगळं ठीक आहे. फाइलचं नाव मात्र तू मूळ मजकुरावरून बांधतोस आणि इंग्रजी अंकांतली फाइल त्याला सापडत नाही. आधी इंट कर, मग त्यावरून नाव बांध.

अजून एक बाकी आहे. फाइल आहे, उघडलीही, पण आत काही नाही. खेड्यात हे रोजचं. लिहिता लिहिता लाईन गेली की शून्य बाइटची किंवा अर्धवट फाइल उरते आणि एक्झिस्ट्स तिला छाती ठोकून 'हो' म्हणतं. म्हणून लिहिताना थेट खऱ्या नावावर लिहू नको. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं लिही, फ्लश कर, ओएसचं एफसिंक कर म्हणजे डिस्कवर उतरेल, आणि मग ओएस-डॉट-रिप्लेसनं खरं नाव दे. खऱ्या नावाची फाइल मग एकतर जुनी पूर्ण असते किंवा नवी पूर्ण. एक लक्षात ठेव, हिशेबनीसानं तीच फाइल एक्सेलमध्ये उघडून ठेवली असली तर विंडोज रिप्लेस करू देत नाही, पर्मिशन-एरर येतो. तेव्हा प्रोग्रामनं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करावा, आणि हिशेबनीसाला आवाज द्यावा.

खरं विचारशील तर एवढ्या गाड्यांसाठी मी फाइलींचा हा खेळच बंद केला असता. पायथनसोबत एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस फुकट येतो. एक टेबल, टोकन नंबरवर युनिक बंधन, म्हणजे दुसरी नोंद टाकायला गेलास की तेच अडवतं. फक्त ती डेटाबेसची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोन कॉम्प्युटरवरून उघडू नको, नेटवर्कवर कुलपं नीट लागत नाहीत आणि डेटाबेस खराब होतो. काट्याच्या कॉम्प्युटरवरच ठेव आणि ऑफिसातून येणारं वजन घ्यायला तिथेच छोटा प्रोग्राम बसव. हे चालू हंगामात करू नको. सरकी निघून जिनिंग शांत झाली की कर.

आजच्यापुरतं एवढंच कर. पत्ता छापताना साधं प्रिंट वापरू नको, आस्की नावाचं फंक्शन लावून छाप. टॅब, जोडक, नुक्ता, मराठी अंक, सगळे उघडे पडतील. एक ओळ तुझ्या पत्त्याची आणि एक ओळ फोल्डरच्या यादीतून आलेल्या नावाची, एकाखाली एक छाप. दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या तर शेड्युलरची खिडकी उघडून प्रोग्राम कुठल्या युझरच्या नावानं चालतोय ते बघ. आणि तोवर डब्ल्यूचा एक्स करून ठेव, आजच, जेवणाआधी.